खासगी तळ्याच्या बांधाला पायथ्याशी ओल आली आहे, गिलावा मारू का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र लिहितो. मुळशी तालुक्यात १२ एकरांवर तुमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. आधीच्या मालकाने ओढ्यावर घातलेला मातीचा बांध आहे, उंची साधारण ७ मीटर, लांबी ९० मीटर. मागे दीड हेक्टरचं तळं, त्यात पॅडल बोटी आणि सोडलेले मासे. वरचा पाणलोट अंदाजे ८० हेक्टर. डाव्या टोकाला ५ मीटर रुंदीचा सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, त्याचा उंबरा (ज्या कडेवरून पाणी बाहेर जातं ती) बांधाच्या माथ्यापेक्षा १ मीटर खाली, आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्याला लोखंडी जाळी. बांधावर गुलमोहर, सावलीत बाकडी. मागच्या पावसाळ्यात खालच्या उताराच्या पायथ्याशी ओल दिसली, ती दिवाळीनंतरही सुकली नाही. ओढ्याच्या काठाने दीड किलोमीटरवर वाडी आहे. बांधाचे नकाशे, कागद काही नाहीत. आणि तुम्ही विचारता, पायथ्याला सिमेंटचा गिलावा मारला तर भागेल का, आणि कायदा काय म्हणतो?

गिलावा मारू नका. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरणारच, ते सुखरूप बाहेर पडावं म्हणून तर आम्ही पायथ्याला दगड आणि वाळूची गाळणी घालतो. बाहेरून तोंड बंद केलंत की आत दाब वाढतो, बांधाच्या पोटातली ओल्या मातीची पातळी वर चढते आणि पाणी दुसरी, जास्त वाईट जागा शोधून बाहेर येतं. मी लघुपाटबंधाऱ्यात नोकरी केली, निवृत्तीनंतर खासगी बांध पाहतो, आणि अशा तळ्यांवर सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. मालकाला ओल दिसणं नको असतं, कारण पाहुण्यांना ती दिसते.

ओल किती गंभीर आहे हे पाण्याचा रंग सांगतो. पायथ्याशी जिथे पाणी गोळा होतं तिथे हाताने छोटा खड्डा करा, त्यातून एक पीव्हीसीचा तुकडा काढून खाली बादली ठेवा. १० लिटरची बादली किती मिनिटांत भरते ते वहीत लिहा, शेजारी तळ्याची पातळी आणि त्या दिवसाचा पाऊस लिहा. मग एका पारदर्शक काचेच्या बाटलीत तेच पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी काही बसलं नसेल तर पाझर आहे, पण माती जात नाही. तळाशी गाळाचा पातळ थर बसला असेल तर बांधाचं पोट आतून पोखरलं जातंय. बारीक कण आधी जातात, मग वाट रुंद होते, मग ती वाट मागे मागे सरकत तळ्यापर्यंत पोचते. हे सुरू झाल्यावर कधीकधी काही तासांत बांध जातो. गाळ दिसला तर तळ्याची पातळी उतरवायला सुरुवात करा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. पाणी स्वच्छ असेल पण प्रमाण दर पावसाळ्यात वाढतंय असं वहीत दिसलं, तर उन्हाळ्यात त्या जागेवर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि मग दगड असा थर द्यायचा. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. किती जाडी, कुठली वाळू, हे तिथली माती पाहून ठरतं. फोनवर सांगता येणार नाही.

आता जाळी. ओलीपेक्षा मला तिची जास्त काळजी वाटते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, ७२ फूट उंच. सरकारने ते कालव्याला पाणी पुरवायला बांधलं, पुढे रेल्वे आली, कालव्याची गरज संपली आणि धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकाने विमोचक, म्हणजे तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ, काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये ते श्रीमंतांच्या एका मासेमारी आणि शिकारीच्या क्लबने घेतलं. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक ही मंडळी त्याची सभासद. क्लबने बांधाची डागडुजी केली, पण विमोचक परत बसवला नाही. माथ्यावरून घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून माथा खाली घेऊन रुंद केला. आणि महागाचे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. खाली १४ मैलांवरच्या जॉन्सटाउनमधल्या केंब्रिया आयर्न कंपनीने १८८० मध्ये आपला माणूस, जॉन फुल्टन, पाहणीला पाठवला. विमोचक नाही आणि बांध गळतोय, हे त्याने लेखी कळवलं. क्लबने उत्तर दिलं की तुम्हाला आमच्या तळ्यापासून काही धोका नाही. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, जाळ्यांत फांद्या आणि पालापाचोळा अडकला, सांडवा तुंबला. लोक जाळी मोकळी करायला, दुसरा सांडवा खणायला, माथ्यावर माती टाकायला धावले. पाणी माथ्यावरून वाहायला लागलं आणि दुपारी तीनच्या सुमारास बांध गेला. २,२०९ माणसं मेली. खाली इशारा पाठवला होता, पण धरण फुटणार असं वर्षानुवर्षं ऐकून लोकांनी तो मनावर घेतला नाही.

त्या वादळात २४ तासांत साधारण दीडशे ते अडीचशे मिलिमीटर पाऊस पडला. तिकडच्या लोकांना तो न भूतो वाटला. तुमच्या तालुक्यात घाटाच्या बाजूला जुलैमध्ये असे दिवस येतातच. ताम्हिणीच्या अंगाला दिवसाला ३०० मिलिमीटरच्या वर आकडे जातात.

तुमच्याच सांडव्याचा हिशेब करू. ढगफुटी म्हणतात ती तासाला १०० मिलिमीटर. ८० हेक्टरचा डोंगरउताराचा पाणलोट, जमीन आधीच भिजलेली, म्हणजे पडलेल्या पाण्यातलं ७० टक्के ओढ्यात येईल असं धरा. पूर येतो सेकंदाला साधारण १५.६ घनमीटर. रुंद उंबऱ्यावरून जाणारं पाणी काढायचं ढोबळ सूत्र असं: १.७ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीडवा घात (उंची गुणिले तिचं वर्गमूळ). तुमची रुंदी ५ मीटर आणि पाणी थेट माथ्याला टेकेपर्यंत उंची १ मीटर, म्हणजे साडेआठ घनमीटर. पुराच्या जेमतेम निम्मं, तेही बांध काठोकाठ भरल्यावर, जाळी नसताना. लाटा आणि खचलेला माथा यांच्यासाठी अर्धा मीटर मोकळा सोडायचा म्हटलं तर उरलेल्या अर्ध्या मीटरमधून फक्त ३ घनमीटर जातात. त्यात जाळीत सागाची पानं आणि प्लास्टिक अडकलं की काय उरतं ते तुम्हीच पाहा. हे प्राथमिक गणित आहे, अभियंता नकाशावरून पाणलोट मोजून नीट करेल. पण यात इतकी तफावत आहे की नीट केल्याने उत्तर उलटणार नाही.

म्हणून जाळी काढा. मासे राखायचेच असतील तर तळ्याच्या आतल्या बाजूला, उंबऱ्यापासून लांब, तरंगत्या डब्यांवर सोडलेलं मऊ जाळं लावता येतं, आणि तेही जूनच्या आधी उचलायचं. पावसाळ्यात काही मासे जातील. जाऊ द्या.

मौजेसाठी राखलेल्या तळ्यांचा एक वेगळा धोका मला इथे सांगायचा आहे, कारण तो सिंचनाच्या तलावाला नसतो. पाझर तलाव किंवा लघुपाटबंधाऱ्याचा तलाव मार्च-एप्रिलपर्यंत खाली जातो. आतला उतार उघडा पडतो, दगडी पिचिंग (उतारावरचं दगडी अस्तर) कुठे खचलंय, कुठे भेग आहे, घुशीचं बीळ कुठे आहे ते दिसतं. शेतकरी रोज पाण्याकडे पाहत असतो, त्यामुळे पातळी अचानक का उतरली याची चौकशी होते. तुमचं तळं मात्र बारा महिने काठोकाठ हवं, कारण उन्हाळ्याच्या सुटीत गिऱ्हाईक येतं. आतला उतार वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलाच नसतो. मालक पुण्या-मुंबईत, जागेवर एक रखवालदार, त्याला कुणी काय पाहायचं ते शिकवलेलं नसतं. धरण बांधताना झालेल्या चुकांपेक्षा वापर बदलल्यावर मालकांनी सोयीसाठी केलेल्या बदलांनी जास्त घात केलेला मी पाहतो: उंबऱ्यावर फळ्या लावून पातळी एक फूट वाढवणं, माथ्यावरून गाडी जावी म्हणून माथा सपाट करणं, सांडव्याच्या नालीत तंबू लावायला ओटा बांधणं, शोभेची झाडं.

झाडांबद्दल जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ गावचं केली बार्न्स धरण वाचून पाहा. हे तुमच्या बांधाच्या जास्त जवळचं उदाहरण आहे. आधी छोट्या वीजनिर्मितीसाठी लाकडी सांगाड्याचं धरण, मग त्यावर मातीची भर घालत उंची वाढवलेली, आणि १९५७ नंतर वीज बंद होऊन फक्त करमणुकीचं तळं. मालक एक धार्मिक कॉलेज. उंची सुमारे साडेअकरा मीटर, खालचा उतार फार उभा, त्यावर झाडी. काही वर्षं आधी त्या उतारावरची माती घसरली होती, ती तशीच राहिली. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे दीडच्या सुमारास धरण फुटलं आणि खाली झोपलेले ३९ जण गेले, त्यात लहान मुलं बरीच होती. त्यानंतरच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशभरातल्या धोकादायक खासगी धरणांची तपासणी लावली आणि जॉर्जियाने पुढच्या वर्षी धरणसुरक्षेचा कायदा केला.

तुमचे गुलमोहर किती जुने आहेत ते लिहिलेलं नाही. मनगटाएवढी रोपं मुळासकट काढा आणि खड्डा ओलसर चिकण माती थराथराने ठोकून भरा. मोठं झाड मात्र पावसाच्या तोंडावर उपटायला जाऊ नका, ते बांधाचा लचका घेऊन येईल. वादळात आडवं पडलं तरी तेच होतं, म्हणून आत्ता फांद्या उतरवून भार कमी करा. पावसाळा संपल्यावर पातळी खाली घेऊन झाड तोडायचं, बुंधा आणि जाड मुळं खणून काढायची, आणि ती जागा नव्या बांधासारखीच पाणी मारून, ठोकून भरायची. नुसता बुंधा छाटून सोडला तर चार-पाच वर्षांत मुळं कुजतात आणि बांधात तयार नळ्या राहतात. उतारावर हरळी लावा, आखूड कापलेली ठेवा. आखूड यासाठी की ओल, भेग, बीळ लांबून दिसलं पाहिजे.

बिळांचा विषय निघाला की खेकड्यांवर येतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि खेकड्यांनी धरण फोडलं असं विधान झालं. खेकडे बिळं करतात हे खरं, घुशीही करतात, वारुळंही होतात. पण खेकड्याचं बीळ एका रात्रीत धरण नेत नाही. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केलेली होती. बीळ दिसल्यावर ते चिखलाच्या पातळ रबडीने तळापासून भरायचं असतं, वारूळ खणून राणीसह काढायचं असतं, आणि हे दर महिन्याला करायचं असतं.

माथ्याची पातळी तपासायला मोठी यंत्रं लागत नाहीत. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, बांधाच्या एका टोकापासून दर १० मीटरवर खुंटी ठोकून पातळी मिळवत जा. मातीचे बांध मध्यभागी, जिथे भर सगळ्यात जास्त, तिथे जास्त खचतात. साउथ फोर्कचा माथाही मधेच बसलेला होता. तुम्ही माथा ते उंबरा १ मीटर लिहिलं आहे, ते सांडव्याजवळ मोजलेलं असणार. मधे ते ७० सेंटिमीटर निघालं तर वरचा सगळा हिशेब आणखी बिघडतो. बाकड्यांपर्यंत जायची पायवाट जिथे माथा ओलांडते तिथेही खळगा पडलेला असतो, तो आधी पाहा.

विमोचक तुम्ही लिहिलेला नाही, म्हणजे बहुधा नाहीच. असला तरी गंजून बंद असेल. पोटातून नवा पाइप घालण्यासाठी बांध खणू नका. पाइपाच्या बाहेरून पाणी वाट काढतं आणि बांध फुटण्याचं ते एक जुनं कारण आहे. त्यापेक्षा माथ्यावरून सायफन बसवा. सहा इंची एचडीपीई (जाड प्लास्टिकची) नळी, तळ्यातल्या टोकाला पाण्याखाली जाळीची टोपी, बांधाच्या पायथ्यापलीकडे ओढ्यात दुसरं टोक आणि त्याला झडप, माथ्यावर पाणी भरायला तोंड. पाच-सहा मीटरचा फरक असेल तर सेकंदाला ५०-६० लिटर पाणी काढते, दिवसाला साधारण साडेचार हजार घनमीटर. तुमच्या तळ्याचा वरचा एक मीटर साधारण साडेतीन दिवसांत उतरेल. त्याहून घाई करू नका. दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवलं तर आतला भिजलेला उतार घसरू शकतो, काळी माती असेल तर नक्कीच. ही मर्यादा फक्त संकटात मोडायची. सायफन एकदा बसवून ठेवू नका नुसता, दर वर्षी मे महिन्यात चालवून पाहा.

कायद्याचं विचारलंत. धरण सुरक्षा कायदा २०२१ खासगी मालकालाही लागू होतो, पण १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, किंवा १० ते १५ मीटर उंचीच्या अशा धरणांना ज्यांची लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर किंवा पूर सेकंदाला २,००० घनमीटर असे काही निकष भरतात. तुमचा ७ मीटरचा बांध त्यात येत नाही. म्हणजे नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेचा माणूस तुमच्याकडे तपासणीला येणार नाही. मला हा कायदा या बाबतीत अपुरा वाटतो. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने उंचीऐवजी साठा धरला, २५ हजार घनमीटरच्या वर साठा असलेल्या खासगी तळ्यालाही नेमलेला अभियंता आणि दर १० वर्षांनी स्वतंत्र तपासणी बंधनकारक केली. तुमचा साठा काढू: क्षेत्रफळ १५ हजार चौरस मीटर, बांधापाशी खोली ६ मीटर, गुणिले ०.४. येतात ३६ हजार घनमीटर, म्हणजे ३ कोटी ६० लाख लिटर. ३६ हजार टन पाणी एका वाडीच्या वर टांगलेलं आहे आणि त्यावर कुणाची देखरेख नाही, तुमच्याशिवाय.

तपासणी नाही म्हणजे जबाबदारी नाही असं मात्र नाही. इंग्लंडात रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा १८६८ चा निकाल एका खासगी तळ्याचाच आहे. गिरणीमालकाने तळं बांधून घेतलं, ते जुन्या खाणीच्या भोकांतून फुटून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. मालकाची स्वतःची हयगय नव्हती, तरी भरपाई त्याच्यावर आली. पाणी तुम्ही अडवलं, ते निसटलं तर नुकसानीची भरपाई तुमच्यावर. हे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही मानलेलं आहे. ‘आधीच्या मालकाने बांधला’ हे उत्तर चालणार नाही. शिवाय ओढा तुमच्या गटातून वाहत असला तरी जमीन महसूल संहितेनुसार तो सरकारचा आहे. तलाठी आणि तहसील कार्यालयात जाऊन बांधाची नोंद कुठे आहे का, परवानगी कुणी दिली होती का, हे शोधा. घाबरून लपवू नका. नोंद असलेली बरी.

वाडीवर स्वतः जा. ओढ्याच्या पात्रापासून किती घरं किती उंचीवर आहेत ते पाहा, पूर्वी ओढा कुठवर चढला होता ते म्हाताऱ्यांना विचारा. पोलीस पाटील, सरपंच आणि ओढ्याजवळच्या दोन घरांतले फोन नंबर रखवालदाराच्या खोलीत भिंतीवर लिहा, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ त्याखाली. रखवालदाराला तीन गोष्टी ठरवून द्या: पाणी उंबऱ्यावरून अर्धा मीटर चढलं, पाझर गढूळ झाला, किंवा उतारावर नवी भेग दिसली, तर तुम्हाला विचारत बसायचं नाही, आधी वाडीला फोन करायचा, मग तुम्हाला. हा अधिकार त्याला लेखी द्या. रात्री दोन वाजता मालकाचा फोन लागत नाही म्हणून थांबलेला माणूस कुणाच्या कामाचा नाही.

आता करायचं काय. मे अखेरपर्यंत तुमच्याकडे वेळ थोडा आणि पैसाही बेताचा असेल असं धरतो. सांडवा ५ मीटरचा साडेनऊ-दहा मीटर करून माथा अर्धा मीटर उचलणं हा एक मार्ग. तो खर्चीक आहे, आणि पावसाच्या तोंडावर टाकलेली भर नीट दबत नाही. दुसरा मार्ग मी सुचवतो. उंबरा १ मीटर खाली कापा. रुंदी तीच ठेवली तरी अर्धा मीटर मोकळी उंची सोडून दीड मीटर खोल पाणी वाहू शकतं, आणि वरच्याच सूत्राने ते येतं साडेपंधरा घनमीटरच्या पुढे, म्हणजे ढगफुटीचा पूर निघून जातो. साठा एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो, पायथ्याच्या पाझरावरचा दाब उतरतो, आतल्या उताराचा वरचा भाग उघडा पडून तपासता येतो. बोटींना पाच मीटर पाणी उरतंच. जेट्टी पुढे सरकवावी लागेल एवढंच.

आधी सायफनने पातळी खाली घ्या, मग जेसीबी लावा. उंबऱ्याच्या जागी एक खड्डा खणून कातळ किती खोल आहे ते पाहा. कातळ किंवा घट्ट मुरूम लागला तर काम सरळ आहे. नुसती माती लागली तर वाहत्या पाण्याने सांडवा स्वतःच खोल खोल कापत जाईल, मग तिथे काँक्रीटचा उंबरा आणि खाली दगडी अस्तर याशिवाय हात लावू नका. सांडव्याची नाली पुढे बांधाच्या पायथ्याकडे वळत नाही ना, तेही पाहा. वळत असेल तर मधे दगडी भिंत घालून पाणी लांब न्या. पुण्यात निवृत्त जलसंपदा अभियंते सल्ला देतात, मातीच्या धरणावर काम केलेला माणूस घ्या, इमारतीच्या बांधकामवाल्याला बोलवू नका. त्याला जागेवर न्यायच्या आधी बादलीच्या नोंदींची वही आणि माथ्याच्या पातळ्या तयार ठेवा, त्याचं निम्मं काम त्यातच होईल.